गिरणीपासून गोदामापर्यंत : तरुण दलित कामगाराच्या मजुरीचा इतिहास

१

सकाळच्या पहिल्या तासाला माझ्या वर्गातील पाच-सहा मुले पेंगत असतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला तो आळस वाटला. एकाला उभे करून मी चार शब्द सुनावलेही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. तास संपल्यावर त्याच्या बाकावरचा मुलगा जवळ येऊन म्हणाला, "सर, तो रात्रपाळी करून थेट आलाय. घरी गेलाच नाही." जेएनपीटीच्या रस्त्यावरील एका गोदामात रात्रभर उभे राहून माल वेचून देण्याचे काम तो करीत होता. मला माझ्या शब्दांची लाज वाटली.

पुढे ओळख वाढली. खांदेश्वर स्टेशनच्या बाहेर चहा घेताना त्याने मला विचारले, "सर, पदवी झाल्यावर पगार कितीने वाढतो?"

मी इतिहास शिकवतो. राजे, लढाया, तह यांच्या सनावळ्या मला पाठ आहेत. पण या साध्या प्रश्नाला मला एका वाक्यात उत्तर देता आले नाही. कारण खरे उत्तर द्यायचे तर आधी माझ्या आजोबांचा पगार सांगावा लागतो, मग वडिलांचा, मग माझा. आणि हे तिन्ही पगार एका रांगेत मांडले तर वर जाणारी सरळ रेषा दिसत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि आपल्या भाषणांतही, शिकलो की पुढे गेलो, अशी एक सरळ रेषा गृहीत धरलेली असते. ती रेषा कुठे वर गेली, कुठे मोडली आणि कोणी मोडली, हे तपासण्यासाठी हा लेख.

मजुरीचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला नाही असे नाही. पण अर्थशास्त्रज्ञांनी लिहिला तेव्हा त्यात जात गळाली, आणि आपण लिहिला तेव्हा पुष्कळदा त्यात मजुरी गळाली. आपल्या आत्मकथनांत भूक आली, अपमान आला, शाळा आली. बापाच्या पगाराची पावती मात्र क्वचितच आली. ती शोधायला हवी.

२

मुंबईच्या गिरण्यांत आपला माणूस गेला तो कोकणातून, साताऱ्याकडून, नगर-पुण्याच्या दुष्काळी पट्ट्यातून. गावात वतनाचा तुकडा आणि त्यासोबत येसकरकी, मढी ओढणे, सांगावे पोचवणे. मजुरी नावाची गोष्टच तिथे नव्हती. बलुते होते, आणि बलुते हा हक्क की भीक हे देणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून होते. गिरणीत पहिल्यांदा आपल्या श्रमाला महिन्याचा आकडा मिळाला. त्या आकड्याचे मोल कमी लेखू नये. रोख पैसा हातात आला म्हणजे पाटलाच्या दारात उभे राहावे लागत नाही.

पण गिरणीच्या आतही गावकूस होते. दलित कामगार मुख्यतः रिंग खात्यात. विणाई खाते त्याला बंद. कारण असे सांगितले जाई की धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकर हातात कसा घेणार? आता विणकराची कमाई रिंग खात्यातील कामगारापेक्षा कितीतरी अधिक. म्हणजे विटाळाची एक समजूत दर महिन्याच्या पगारात रुपये-आण्यांनी वजा होत होती. जातीची किंमत इतक्या नेमकेपणाने मोजता येईल असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

१९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा पुढे आणला. विणाई खाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, असा त्यांचा आग्रह होता. संपाच्या पुढाऱ्यांनी ती घेतली. पण नाइलाजाने घेतली. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. हे वाक्य आपण पुष्कळदा उद्धृत करतो. त्याच भाषणातील बारकाव्यांकडे आपले लक्ष जात नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरची जागाही मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्याला घरात घ्यायचे नसते. असे त्यांनी तिथे दाखवून दिले होते. म्हणजे प्रश्न पहिल्या पगाराइतकाच दहाव्या वर्षीच्या पगाराचाही होता. तरुणपणी ज्या पायरीवर उभे केले, तिच्यावरच म्हातारे व्हायचे, ही खरी जातीची मजुरी.

त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. विणाई खात्याची कटुता बाजूला ठेवून झालेली ती एकजूट होती. तिचे स्मरण आपल्या दोन्ही बाजूंना फारसे राहिलेले नाही.

३

माझे आजोबा १९४८ साली, अठराव्या वर्षी, साताऱ्याकडच्या गावातून मुंबईस आले आणि नायगावच्या बीडीडी चाळीत गाववाल्यांच्या खोलीत राहिले. १६० चौरस फुटांची खोली. तीत पाळीपाळीने झोपणारी बारा-तेरा माणसे. गिरणीत ते बदली होते. बदली म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते. सकाळी फाटकावर जायचे. कायम कामगार कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरते काम. कोणी गैरहजर नसेल तर परत फिरायचे. कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी, आणि जॉबरची दस्तुरी द्यावी लागे. १९३५ पासून मालकांच्या संघाने बदली कार्डाची पद्धत आणून जॉबरच्या या सत्तेला थोडा लगाम घातला. पण फाटकावरचे उभे राहणे संपले नाही. आजोबा सहा वर्षे बदली होते.

मात्र ते ज्या काळात गिरणीत आले तो काळ महत्त्वाचा आहे. कामगाराच्या पायाखाली त्या दहा वर्षांत काही पायऱ्या बांधल्या जात होत्या. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आठवड्याचे काम ४८ तासांवर आणणारी कारखाने कायद्याची दुरुस्ती १९४६ ची. किमान वेतनाचे विधेयक ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. त्याचाच पुढे १९४८ चा किमान वेतन कायदा झाला. १९४७ साली मुंबईच्या औद्योगिक न्यायालयाने गिरण्यांतील वेतनाचे प्रमाणीकरण केले: २६ दिवसांच्या महिन्याला किमान ३० रुपये मूळ वेतन, आणि त्यावर महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेला भत्ता. आज हा निर्देशांक सरकारी नोकरालाच आठवतो. पण बाजारात ज्वारीचा भाव वाढला तर पगारही आपोआप थोडा वाढला पाहिजे, त्यासाठी दर वेळी संप करावा लागू नये, ही कल्पना गिरणी कामगाराच्या लढ्यातून घट्ट झाली.

१९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कशावर मोजायचे हे ठरवले. एका कमावत्यामागे तीन उपभोग-एकके, माणशी २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घालायला सांगितली. हे निकष कागदावर आले आणि बरेचसे कागदावरच राहिले. तरीही त्यांचे महत्त्व आहे. मालकाला काय परवडते, याआधी माणसाला जगायला काय लागते, हा प्रश्न राज्याने मान्य केला होता.

आजोबा कायम झाले तेव्हा घरात काय बदलले? भविष्यनिर्वाह निधी कापला जाऊ लागला. ईएसआयचे कार्ड आले. गावी दर महिन्याला मनिऑर्डर जाऊ लागली. वाण्याने उधारीची वही उघडून दिली. कायम कामगाराला उधारी मिळते, बदलीला मिळत नाही. आणि माझ्या आत्याला शाळेत घातले. आजोबा शेवटपर्यंत रिंग खात्यातच राहिले, ही गोष्ट खरी. पण पुढच्या महिन्याचा पगार येणार आहे हे ज्या माणसाला आधी ठाऊक असते, तोच मुलीच्या चौथीचा आणि सातवीचा विचार करू शकतो. आपल्या समाजातील शिक्षणाच्या प्रसाराचे श्रेय आपण चळवळीला देतो, ते योग्यच. पण चळवळीच्या खाली कायम नोकरीचा पाया होता: गिरणीचा, रेल्वेचा, गोदीचा, महापालिकेचा.

४

१९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे, औषधांचे, यंत्रांचे कारखाने उभे राहिले. १९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवण्याचे ठरले. आगरी-कोळी शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध दिलेला लढा, १९८४ च्या जानेवारीतील जासईचा गोळीबार आणि त्यात गेलेले पाच जीव, दि. बा. पाटलांचे नेतृत्व आणि त्यातून मिळालेली साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना हा इतिहास इथल्या मुलांना माहीत असतो. पण साडेबारा टक्के कशाचे? सातबाऱ्यावरील जमिनीचे. ज्याच्या नावे सातबाराच नव्हता, जो दुसऱ्याच्या खाचरात लावणी करीत होता, त्याची रोजी गेली आणि हिशेबात तो आलाच नाही. आपली बौद्धवाडी, आदिवासींची वाडी त्याच जमिनीच्या कडेला होती.

इकडे गिरणीत सत्तरच्या दशकात एक नवी गोष्ट घडत होती. नव्या पट्ट्यातील रसायन-औषध कंपन्यांतील कामगारांचे पगार गिरणी कामगारांच्या पुढे निघून गेले. एकेकाळी मुंबईच्या कामगारांत अग्रेसर असलेला गिरणी कामगार मागे पडला, आणि त्यातही बदली सगळ्यांत मागे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप बोनसचा म्हणून सांगितला जातो. त्याच्या तळाशी पगाराचा हा मागासलेपणा आणि बदली तरुणांचा संताप होता. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या हळूहळू बंद पडल्या, हजारो कामगार कायमचे बाहेर फेकले गेले, आणि जमिनीवर मॉल व मनोरे उभे राहिले.

माझे वडील १९७८ साली विसाव्या वर्षी बदली म्हणून लागले होते. संपात ते चार वर्षांचे बदली होते. त्यांच्याकडे परत जायला कायम जागाच नव्हती. १९८४ साली ते पनवेलकडे आले आणि तळोज्याच्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडून लागले. पोती उचलणे, पिंपे धुणे. वीस वर्षांत कंत्राटदाराचे नाव पाच वेळा बदलले; वडील त्याच पिंपांपाशी राहिले. प्रत्येक नव्या कंत्राटदाराच्या वहीत त्यांची नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू होई. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराचे काही हक्क उभे राहतात. म्हणून २४० भरायच्या आत 'ब्रेक' दिला जाई. हातमोजे मागितले तर मुकादम म्हणे, "तुम्ही कंपनीचे नाहीत."

त्याच सुमारास माझे मामा, वडिलांइतकेच शिकलेले, मॅट्रिक आणि वर आयटीआय, रसायनी येथील सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात राखीव जागेवर लागले. नेमणुकीचे पत्र मिळाले. वेतनश्रेणी मिळाली, वसाहतीत घर मिळाले. दोघे एकाच वस्तीचे, एकाच जातीचे, एकाच वयाचे. काम जवळजवळ तेच, वासही तोच. वीस वर्षांनंतर मामांची मुलगी अभियंता झाली होती आणि वडिलांचा खोकला जात नव्हता. आरक्षणाने काय दिले, असे विचारणाऱ्यांना मी ही दोन घरे दाखवतो. आरक्षणाने खुर्ची दिली ती थोड्यांना. पुष्कळांना त्याने दिले ते नेमणुकीचे पत्र.

मामा ज्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समध्ये होते, त्या कारखान्याचा रसायनी येथील विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ साली घेतला. आरक्षण रद्द करण्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. ज्या जागा राखीव होत्या, त्या जागाच नाहीशा केल्या की पुरते.

५

कंत्राटी पद्धतीचे नियमन आणि निर्मूलन करण्याचा कायदा १९७० चा आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कंत्राटी पद्धत बंद झाली तर तिथल्या कामगारांना मूळ मालकाने सामावून घेतले पाहिजे. २००१ साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने हे आपोआप होत नाही असा निर्णय दिला. या दोन निकालांमधील पाच वर्षांत एका पिढीचे नशीब फिरले. संघटित कारखान्यांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण २०००-०१ मध्ये पाचांत सुमारे एक होते. २०२२-२३ मध्ये ते चाळीस टक्क्यांवर गेले. कारखान्यांच्या निव्वळ मूल्यवर्धनातील मजुरीचा वाटा ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सुमारे तीस टक्के होता. आता तो त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. यंत्रे वाढली, उत्पादन वाढले, आणि वाढीतील कामगाराचा घास लहान झाला.

आता गोदाम आणि दुचाकी. नीती आयोगाच्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात गिग कामगार ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. मोबाइलवर काम येते, मोबाइलवरच ते बंद होते. कंपनी त्याला 'पार्टनर' म्हणते. हा शब्द ऐकला की मला मुंबईच्या कचरा कामगारांची आठवण होते. नव्वदच्या दशकात कंत्राटी सफाई कामगारांना 'स्वयंसेवक' ठरवण्याची युक्ती निघाली होती, कारण स्वयंसेवकाला कामगार कायदा लागत नाही. महाराने मेलेले जनावर ओढावे यालाही 'मान' म्हणत असत. मजुरी चुकवायची असली की आधी शब्द बदलतात.

नाव लपवून हे दुखणे संपत नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागतो आणि खोली मिळवण्यासाठी जात लपवतो. त्यानंतर चार दशकांनी, २००७ साली, सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले; फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. विणाई खात्याच्या दारावर पूर्वी जॉबर उभा होता. आता तिथे अर्ज चाळणारा अधिकारी बसला आहे.

आणि मी? घरातला पहिला पदवीधर. नेट उत्तीर्ण झालो तेव्हा वडिलांनी वस्तीत पेढे वाटले. त्यानंतर सात वर्षे मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले. जितके तास, तितके पैसे. मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. आणि जे मिळायचे तेही पाच-सहा महिन्यांनी एकत्र. दर जूनमध्ये नव्याने मुलाखत. एका उन्हाळ्यात मी हे आजोबांना समजावून सांगत होतो. ते ऐंशी पार केलेले. सगळे ऐकून घेऊन ते एवढेच म्हणाले, "म्हणजे बदलीच की रे."

६

हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. अमेरिकेतील तरुण कामगाराची गोष्ट आपल्या गोष्टीशेजारी ठेवून पाहावी. तिथे १९४८ आणि १९५० च्या करारांनी मोटार कामगारांचे वेतन महागाईशी जोडले गेले. आपल्या गिरणी कामगाराचा महागाई भत्ता त्याच काळातला, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. शाळा सोडून कारखान्यात लागलेला तरुण तिथे घर घेऊ शकत असे. मात्र तिथेही आत गावकूस होते: फोर्डच्या रूज कारखान्यात काळे कामगार मोठ्या संख्येने ओतशाळेत, जिथे उष्णता आणि धूर. १९६८ साली डेट्रॉइटमध्ये काळ्या कामगारांनी मालक आणि गोरी युनियन या दोघांविरुद्ध स्वतःची संघटना उभारली. त्याच वर्षी मेंफिसच्या काळ्या सफाई कामगारांनी संप केला. त्यांच्या हातातील फलकांवर एवढेच लिहिले होते की मी माणूस आहे. त्यांच्या पाठीशी उभे राहायला गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिलला तिथेच हत्या झाली. ब्लॅक पँथरचे नाव आपण घेतले. त्यामागचा मजुरीचा प्रश्न मात्र आपण तितकासा घेतला नाही.

सत्तरच्या दशकानंतर तिथेही उत्पादकता वाढत गेली आणि सामान्य कामगाराचे खरे वेतन फारसे हलले नाही. संघराज्याचे किमान वेतन २००९ सालापासून तासाला सव्वासात डॉलरवर थांबलेले आहे. २००७ च्या करारात मोटार कंपन्यांनी एकाच कामाचे दोन दर केले: जुन्याला तासाला सुमारे २८ डॉलर, नव्याने लागणाऱ्या तरुणाला सुमारे १४. तळोज्यात कायम आणि कंत्राटी शेजारी उभे असतात, अगदी तसेच. फरक इतकाच की त्या तरुणांची युनियन होती, आणि २०२३ च्या संपात त्यांनी ही दरी बरीच बुजवून घेतली. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी एक हिशेब केला: १९४० साली जन्मलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के मुलांनी आईबापांपेक्षा अधिक कमावले; १९८० च्या दशकात जन्मलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनीच. म्हणजे बापापेक्षा मुलगा पुढे जाणार, हा निसर्गनियम नव्हता. तो कायदा, संघटना आणि करार यांनी घडवलेला काळ होता. तो घडवता येतो, तसा मोडताही येतो.

७

मग आपली राहणी खालावली का? सरसकट असे म्हणणे खोटे ठरेल. आजोबा अनवाणी मुंबईत आले. माझ्या विद्यार्थ्याच्या खिशात मोबाइल आहे. १९२१-२२ साली मुंबईच्या कामगार कार्यालयाने कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली होती. तीत निम्म्याहून अधिक खर्च अन्नावर होत असल्याचे दिसले. २०२२-२३ च्या राष्ट्रीय पाहणीत शहरी कुटुंबांचा अन्नावरील खर्च ३९ टक्के आला. दोन पाहण्यांतील कुटुंबे सारखी नाहीत, तरी पोट भरण्याची लढाई पूर्वीपेक्षा सोपी झाली, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच १९२१-२२ च्या पाहणीत घरभाड्याचा वाटा आठ टक्क्यांहून कमी होता. आजोबांची चाळ कोंदट होती, पण ती पगार खात नव्हती. माझ्या विद्यार्थ्याच्या हातात चौदा हजार येतात. तो, त्याचा भाऊ आणि आई कामोठ्यात एका खोलीत राहतात आणि त्या पगारातला निम्म्याहून अधिक भाग भाड्यात जातो. स्टेशनभोवतीच्या इमारतींना विटा त्याच्या वस्तीने वाहिल्या. त्यांच्या दारावर राखण त्याचा मावसभाऊ करतो. त्यातली एक खोली घेण्याची गोष्ट तो थट्टेतही काढत नाही. अन्न स्वस्त झाले आणि घर, शिक्षण, औषध महाग झाले; म्हणजे आजचा दिवस सोपा झाला आणि उद्याचा अवघड.

घराची आणखी एक गोष्ट. गिरण्यांच्या जमिनी गेल्यावर कामगारांना घरे देण्याचे ठरले. २०१६ साली पनवेलजवळच्या कोन येथील सुमारे २४०० घरांची सोडत निघाली. ही घरे १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून केलेली. ज्यांची नावे निघाली त्यांनाही ताब्यासाठी कित्येक वर्षे थांबावे लागले. आजोबांनी अर्ज भरला होता. त्यांचा नंबर लागला नाही. तो कागद आमच्या घरात अजून आहे.

८

करायचे काय? इतिहासाच्या शिक्षकाने कार्यक्रम देऊ नये असे म्हणतात. पण इतिहासातच जे उपाय पडलेले आहेत ते दाखवायला हरकत नसावी.

महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाला एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. अगदी आजच्या डिलिव्हरीच्या पोरासारखाच. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून मंडळे उभी राहिली: कामगाराची नोंद मंडळात, मजुरी मालकाने मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, आणि त्यातून निधी, बोनस, औषधपाणी. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ही पद्धत आपण डोळ्यांनी पाहू शकतो. १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी तशाच मंडळाचा कायदा झाला. मग अ‍ॅपवरच्या कामगाराचा मालक सापडत नाही, ही सबब कशी चालेल? राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली गिग कामगारांसाठी कायदे केले. ज्या महाराष्ट्राने माथाडी कायदा दिला, त्याने यात मागे राहावे हे शोभत नाही.

दुसरे उदाहरण मुंबईच्या कचरा कामगारांचे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे कागद जमवले: हजेरी, गाड्यांचे क्रमांक, ओळखपत्रे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २७०० कंत्राटी सफाई कामगार कायम ठरले. त्यात बहुसंख्य आपली माणसे. 'स्वयंसेवक' हा शब्द त्यांनी कागदाने पुसला.

तिसरी गोष्ट किमान वेतनाची. २०१९ साली सरकारच्याच तज्ज्ञ समितीने दिवसाला किमान ३७५ रुपये सुचवले; राष्ट्रीय किमान रेषा ठरली १७८ रुपयांची, तीही सक्तीविना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या असून त्यांत सक्तीची किमान रेषा ठरवण्याची तरतूद आहे. ती रेषा कुठे ओढली जाते यावर आपल्या संघटनांनी लक्ष ठेवले पाहिजे. पुतळा, नामांतर, स्मारक यांसाठी आपण रस्त्यावर येतो; मजुरीच्या रेषेसाठीही यायला हवे. ते विधेयक मुळात कोणी मांडले होते, हे आपल्यालाच आठवत नसेल तर दुसऱ्यांना काय बोलायचे?

आणि एक काम शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे. माझ्या वर्गात आता इतिहासाच्या पहिल्या आठवड्यात मी मुलांना घरातील जुने कागद आणायला सांगतो: बदलीचे कार्ड, पगाराची पावती, पीएफचा क्रमांक, कंत्राटदाराचा गेटपास. पुष्कळांच्या घरी काहीच निघत नाही. ते काहीच नसणे हाही पुरावा आहे. जी मुले आज काम करतात त्यांना मी सांगतो: हजेरी लिहून ठेवा, पावती मागा, पासाचा फोटो काढून ठेवा. इतिहास लिहायलाही तेच लागते आणि न्यायालयातही तेच लागते.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला उशिरा दिले. पदवीने पगार वाढतो, पण आपोआप वाढत नाही, असे मी म्हणालो. आजोबांचा पगार त्यांच्या कौशल्याने जितका वाढला तितकाच निर्देशांकाने, युनियनने आणि कायद्याने वाढला होता. तुझ्या गोदामात यातले काय आहे? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, आम्ही रात्रपाळीला चाळीस जण आहोत. पावती एकालाही मिळत नाही."

"मग आधी पावती मागा," मी म्हणालो. "चाळीस जणांनी मिळून."

पुढच्या आठवड्यात त्याने मला एक वही दाखवली. तीत चाळीस नावे होती, आणि प्रत्येक नावापुढे महिन्याची हजेरी.